तिसरी घंटा झाली, पावनं!

धोतराचा सोगा आवरा आणि आत शिरा. साल 1915, गाव कोल्हापूर. शाहू महाराजांनी 1913 साली काम सुरू केलेलं 'पॅलेस थिएटर' यंदा पुरं झालंय. दारावरचा माणूस विचारतो, "काय पावनं, कुठनं आला?" सांगा काहीतरी. एकविसाव्या शतकातनं आलो म्हणालात तर तिकिटाचे दुप्पट घेईल.

जागा धरलीत? आता शेजाऱ्याच्या पोटऱ्या बघा. तांबडी माती अजून चिकटलेली आहे. बाजूच्या खासबागेत कुस्त्या बघून, मैदान उतरून गडी थेट इकडे आलाय. 1902 साली महाराज विलायतेला गेले तेव्हा रोमचा जुना आखाडा बघून आले, आणि मग हे मैदान झालं. कुस्तीच्या हौद्याला खेटूनच नाट्यगृह. पटावर ओरडणारा आणि तानेला 'वन्स मोअर' मागणारा माणूस एकच असतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पुढच्या नगररचनाकारांना ते फारसं उमगलेलं दिसत नाही.

नांदी सुरू झाली. धुपाचा वास पिटापर्यंत आला. मान वाकडी करू नका, मधे एकही खांब नाही. आणि कान द्या: ध्वनिक्षेपक नाही. शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यापर्यंत पद पोचवायचं ते गळ्यानंच. पायपेटीवाला सूर धरतो, नट श्वास घेतो, तो श्वाससुद्धा तुम्हाला ऐकू येतो.

आता सहा वर्षं पुढे या. 8 जुलै 1921 ला मुंबईत 'संयुक्त मानापमान' नाटक झालं, टिळक स्वराज्य फंडासाठी. भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व, धैर्यधराच्या भूमिकेत केशवराव भोसले. केशवराव याच कोल्हापूरचे. 1908 साली हुबळीत 'ललितकलादर्श' नाटक मंडळी काढलेले. त्या प्रयोगाची चर्चा अजून विरलेली नाही, तोच 4 ऑक्टोबरला बातमी येते: विषमज्वरानं केशवराव गेले. वय अवघं एकतीस. पुढच्या मे महिन्यात महाराजही गेले.

1957 साली पॅलेस थिएटरला केशवरावांचं नाव मिळतं. मधली छत्तीस वर्षं गाव काय करत होतं, विचारू नका.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री मात्र इथं बसू नका, बाहेर रस्त्यावर उभे राहा. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती आहे, आणि आतलं रंगमंचाचं लाकूड पेटलंय. छत खाली येतं. गर्दीत कितीतरी रंगकर्मी उघड्यावर रडतायत. दर्शनी भाग तेवढा वाचतो.

पुनर्बांधणी हाती घेतली गेली आहे. खुर्च्या गुबगुबीत होतील, वातानुकूलन येईल, येऊ दे. पण कोल्हापूरकरांनो, पहिल्या प्रयोगाला एक पद माइक बंद ठेवून म्हणायला लावा. शेवटच्या रांगेत ऐकू आलं, तरच काम पुरं झालं म्हणून सही करा.