लुगड्यापासून पोतेऱ्यापर्यंत



‘दंड घालणे’ या शब्दांचा अर्थ ठाऊक असणाऱ्यांनी हात वर करावेत, असे सांगण्याचा मोह मी आवरतो. तरुण श्रोत्यांना त्यावरून तालीम आठवेल, नाही तर कोर्ट. आपल्या आज्यांना मात्र सुईदोरा आठवला असता. नऊवारी लुगडे उठण्या-बसण्याने एका ठरावीक जागी विरत असे. तो विरलेला पट्टा कापून काढावयाचा आणि उरलेले दोन धड तुकडे एकमेकांस जोडून पुन्हा एक वस्त्र करावयाचे. त्या शिवणीला दंड म्हणत. धोतरालाही तसाच दंड घालीत. दंडाचे लुगडे नेसून लग्नाला जात नसत एवढेच; घरात आणि शेतात ते आणखी वर्ष-दोन वर्षे चाले.

त्यानंतरचा प्रवास तर याहून मोठा. लुगडे दंडालाही दाद देईना, की त्याचे परकर होत. मऊ पडलेल्या भागाची बाळाची दुपटी आणि कुंची होई. उरलेले गोधडीत जाई. कोपऱ्याकापऱ्याच्या चिंध्यांची डोक्यावरच्या ओझ्याखाली चुंबळ होई, कंदिलाची काच पुसायला फडके होई, आणि सर्वांत शेवटी पोतेरे. शेणाने जमीन सारवता सारवता ते पोतेरे झिजून मातीत मिसळे. म्हणजे कापड टाकले जात नव्हते. ते संपत होते. टाकणे आणि संपणे या दोन क्रियापदांमधला फरक हाच माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

परंतु हे ऐकून ‘केवढे शहाणे होते आपले पूर्वज’ असे कोणी म्हणू लागेल, तर त्याला मी येथेच थांबवीन. या काटकसरीची आई गरिबी होती. आपल्या जांभ्या दगडाच्या आणि धो धो पावसाच्या भूमीत कापूस पिकत नाही. कापड यावयाचे ते घाट उतरून किंवा समुद्रावरून, आणि यावयाचे ते रोख पैशाने. ज्या जिल्ह्यात रोकड नाही तेथे लुगड्याला दंड घालण्यावाचून दुसरा मार्ग कोणता?

आणि जुन्या वस्त्राची दुसरीही एक गोष्ट आहे, ती अधिक कडू आहे. महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. त्या ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात चांडाळांची वस्त्रे कोणती असावीत, तर प्रेतावरची, असा नियम घालून दिलेला आहे. त्याच महाडला त्याच दिवसांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केले आणि लुगडे नेसण्याची रीत बदला, स्पृश्य स्त्रिया नेसतात तसे नेसा, असे सांगितले. कारण अस्पृश्यता नेसण्यावरून दुरूनच ओळखता येत होती. तेव्हा जुने कापड वापरणे हा सद्गुण खरा, पण ते कोणी कोणाच्या अंगावर टाकलेले आहे हे पाहिल्याशिवाय त्याचे गोडवे गाऊ नयेत.

आता १८५६ या सालाकडे या. त्या साली २३ जुलैला याच रत्नागिरीत लोकमान्य टिळकांचा जन्म झाला. त्याच साली लंडनमध्ये पर्किन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा कोळशाच्या डांबरापासून क्विनीन करावयास गेला आणि त्याच्या हाती जांभळा रंग लागला. रसायनी रंगांचा उदय तो. आणि त्याच साली मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांची पहिली कापडगिरणी चालू झाली. या तिन्ही गोष्टींचा आपल्या अंगावरच्या कपड्याशी संबंध आहे. गिरण्यांशी तर आपला संबंध रक्ताचा आहे. १९११ च्या शिरगणतीत मुंबईच्या गिरणी-कामगारांपैकी जवळजवळ निम्मे लोक रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. सिंधुदुर्ग तेव्हा वेगळा नव्हता. ज्या मुलखात कापसाचे बोंड दिसत नाही, त्या मुलखाने साऱ्या हिंदुस्थानचे सूत कातले. गिरणीतला बाप शिमग्याला किंवा गणपतीला घरी येई तेव्हा त्याच्या ट्रंकेत मनीऑर्डरीत न मावणारी एक वस्तू असे: नवे लुगडे. कापड स्वस्त झाले, आणि ते आपल्याच माणसांच्या फुफ्फुसांत गेलेल्या कापसाच्या धुळीवर स्वस्त झाले.

स्वदेशीचा इतिहास आपण पाठ केलेला आहे. १९०५ साली पुण्यात परदेशी कपड्यांची होळी झाली. तिच्यापेक्षा मोठी होळी ३१ जुलै १९२१ रोजी परळला, एल्फिन्स्टन गिरणीच्या आवारात, महात्मा गांधींच्या हस्ते पेटली. दुसऱ्या दिवशी टिळकांचे पहिले पुण्यस्मरण होते. त्या होळीवर सी. एफ. अँड्र्यूज यांनी आपल्या या मित्रालाच हरकत घेतली. माणसांच्या हातांनी केलेली सुंदर वस्त्रे जाळता कशाला? उघड्या गरिबांना द्या. गांधीजींच्या उत्तराचा आशय असा होता की, जे मी स्वतः निषिद्ध म्हणून अंगावरून काढले, ते गरिबाला दान म्हणून कसे देऊ? त्यालाही मान आहे. या वादात मला दोघांचेही पटते, हे मी कबूल करतो. पण वादाचा प्रश्न लक्षात ठेवा: नको झालेले कापड कोणाच्या दारात न्यावयाचे?

हा प्रश्न तेव्हा निदान सुटण्यासारखा होता, कारण कापूस, लोकर आणि रेशीम जळून राख होतात, कुजून माती होतात. १९४१ साली इंग्लंडात व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघांनी खनिज तेलापासून एक धागा काढला, टेरिलीन. आपण त्याच्या जातीला पॉलिएस्टर म्हणतो. चुरगळत नाही, लवकर वाळतो, फाटत नाही. कोकणच्या पावसात दोरीवर आठवडाभर ओले धोतर पाहिलेल्या गृहिणीला या धाग्याचे केवढे अप्रूप वाटले असेल! मी तिला नावे ठेवणार नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी-कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्याच वर्षी आपल्या शेजारच्या रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला पॉलिएस्टर धाग्याचा प्रचंड कारखाना उभा राहिला. योगायोगच, पण इतिहासाचा विद्यार्थी असे योगायोग वहीत टिपून ठेवतो.

आज जगात दर वर्षी १२ कोटी टनांहून अधिक धागा तयार होतो आणि त्यातला निम्म्याहून अधिक पॉलिएस्टर असतो. एलेन मॅकआर्थर फाउंडेशनच्या २०१७ च्या अहवालाप्रमाणे पंधरा वर्षांत कपड्यांचे उत्पादन जवळजवळ दुप्पट झाले, आणि एक कपडा जितक्या वेळा अंगावर चढतो ते प्रमाण एक तृतीयांशाहून अधिक घटले. जुन्या कपड्यापासून पुन्हा नवा कपडा होतो तो शंभरात एकही नाही. हंगाम बदलला की नव्हे, आठवडा बदलला की दुकानातला माल बदलतो. आता तर दुकानही हातातल्या फोनमध्ये आहे.

कापूस निर्दोष आहे असेही नाही. अरल समुद्राला मिळणाऱ्या दोन नद्यांचे पाणी १९६० नंतर कापसाच्या शेतांकडे वळविले, आणि जगातले चौथ्या क्रमांकाचे सरोवर आटून मिठाचे वाळवंट झाले. रंगांचे उदाहरण तर घाटाच्या वर लगेच सापडेल. इचलकरंजीला विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली पहिला यंत्रमाग आणला. ते गाव त्या मागांवर मोठे झाले, हजारोंना भाकरी मिळाली. पण कापडावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांचे रंगीत सांडपाणी आणि शहरांचे मैलापाणी पंचगंगेत उतरले. आपण नरसोबाच्या वाडीला जाऊन ज्या संगमात स्नान करतो, त्या संगमातली ही पंचगंगा. पर्किनच्या त्या जांभळ्या थेंबाची संतती किती लांब आली पाहा.

पॉलिएस्टरचा उपद्रव अधिक गुप्त आहे. असा कपडा धुतला की त्याचे अतिसूक्ष्म तंतू पाण्याबरोबर जातात. प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली मोजले, तेव्हा धुलाईयंत्रातल्या सहा किलो कपड्यांतून एका धुण्यात सात लाखांहून अधिक तंतू सुटू शकतात असे दिसले. ते पाणी अखेर समुद्रालाच मिळते, आणि समुद्राचे आपण काय खातो ते मिरकरवाड्याच्या श्रोत्यांना मी सांगावयास नको.

आणि टाकलेले कपडे? पूर्वी दारावर बोहारीण येई. दोन लुगडी आणि एक सदरा देऊन एक पातेले पदरात पाडून घेण्यासाठी आपल्या आया तासभर घासाघीस करीत. तो व्यवहार होता, दान नव्हते. म्हणून त्यात कोणाचा अपमान नव्हता. आज श्रीमंत देशांचे जुने कपडे गाठोडी बांधून आफ्रिकेला जातात. घानातील अक्रा शहराच्या कांतामांतो बाजारात आठवड्याला दीड कोटी नग येतात असा अंदाज आहे. तेथले लोक त्यांना ‘ओब्रोनी वावू’ म्हणतात. अर्थ असा: मेलेल्या गोऱ्यांचे कपडे. एवढे कपडे टाकणारा माणूस जिवंत असेल, हे प्रथम कोणाला खरेच वाटले नसावे. जे विकले जात नाही ते गटारांत आणि समुद्रकिनाऱ्यावर साचते. चिलीच्या अटाकामा वाळवंटात तर अशा कपड्यांच्या टेकड्याच झाल्या आहेत. मनुस्मृतीतला तो नियम जळून गेला असे आपण समजत होतो.

मग आपण करावे काय, असे भाषणानंतर कोणी तरी विचारतेच, म्हणून आधीच सांगतो. खादी घ्या, हातमाग घ्या, हे चांगलेच. पण कपाटात वीस पॉलिएस्टरचे सदरे असताना एकविसावा खादीचा घेणे हा उपाय नव्हे. ब्रिटनमधील रॅप या संस्थेने २०१२ साली हिशेब मांडला आहे. कपडा आणखी नऊ महिने वापरात राहिला, तर त्याच्यापायी लागणारे पाणी, होणारा कचरा आणि हवेत जाणारा कार्बन यांचा भार २० ते ३० टक्क्यांनी उतरतो. नऊ महिने! आपल्या आज्या दंड घालून वर्ष-दोन वर्षे काढीत. तेव्हा गावातल्या शिंप्याला दुरुस्तीचे काम द्या आणि नव्या कपड्याच्या शिलाईइतकीच त्या कामाची किंमत मान्य करा. कारण त्याला परवडत नाही म्हणूनच तो आज ‘उसवलेले आणू नका’ म्हणतो. थोरल्याचा गणवेष धाकट्याला घाला, पण धाकट्याला निवडीचा एक तरी नवा सदरा मिळू द्या. आणि घेताना कापडाच्या आतल्या बाजूची चिठ्ठी वाचा, किमतीच्या आधी.

गोधड्या अजून शिवल्या जातात, हे मी आपल्या जिल्ह्यातच पाहिले आहे. जुनी सुती लुगडी आता मिळत नाहीत, म्हणून बायका नायलॉनच्या आणि पॉलिएस्टरच्या साड्या घेतात. सुई घसरते, घाम शोषला जात नाही, गोधडी अंगावरून सरकते. म्हणून त्यांनी तोड काढली आहे: आत सुती चादरी आणि धोतरांचे तुकडे घालावयाचे, आणि वर-खाली साडी. अशी एक पंधरा वर्षांची गोधडी एका म्हातारीने मला उलगडून दाखविली. आतले सुती कापड विरून, गोळा होऊन गेले होते. बाहेरची साडी, तिच्या गुलाबी फुलांसकट, जशीच्या तशी होती. ‘आता हिचं पोतेरं पण होत नाही हो,’ ती म्हणाली, आणि गोधडी पुन्हा घडी करून तिने फळीवर ठेवली.