क्रमांक जुना, कॅमेरा नवा

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी एका खऱ्या कॅमेऱ्याला खोटा ठरवले. पुढचे सगळे वाचन त्या चुकीच्या पाठोपाठ झाले, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

मिरजेतल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंकडे त्यांच्या यजमानांचा लायका कॅमेरा होता. यजमानांनी तो १९५०च्या दशकात मुंबईत जुनाच विकत घेतलेला. पावती वगैरे काही नाही. ते गेल्यावर बाईंनी तो विकायचे ठरवले आणि किती येतील हे विचारायला मला बोलावले. माझी नोकरी हिशेबाची, छायाचित्रणाचे रीतसर शिक्षण शून्य. पण जुन्या कॅमेऱ्यांचा नाद आहे हे ओळखीच्यांत ठाऊक होते. मी वही काढून नोंदी केल्या. वरच्या झाकणावरचा क्रमांक वीस हजारांच्या घरातला. लायकाचे क्रमांक ओळीने दिलेले असल्याने त्यांवरून साल काढता येते, आणि हा क्रमांक १९२९चा निघत होता. पण १९२९च्या लायकाचे भिंग अंगाला कायमचे जडवलेले असे आणि भिंगाशी जोडलेले अंतरमापक त्यात नसे. या कॅमेऱ्याचे भिंग तर फिरवले की सुटत होते आणि डोक्यावर अंतरमापकाच्या खिडक्या होत्या. ती सोय आली १९३२ साली. क्रमांक एका सालचा, अंग दुसऱ्या सालचे! मी निकाल देऊन टाकला : रशियन नक्कल.

संशय अगदीच निराधार नव्हता. युक्रेनमधल्या खारकोव्हला अंतोन माकारेंको या शिक्षणतज्ज्ञाच्या नावाशी जोडलेली निराधार मुलांची श्रमवसाहत होती. तिथे १९३४पासून 'फेड' नावाचा कॅमेरा बनू लागला. फेड ही सोव्हिएत गुप्त पोलिसांचा संस्थापक फेलिक्स एदमुंदोविच झेर्झिन्स्की याची आद्याक्षरे. हा कॅमेरा म्हणजे १९३२च्या लायकाची हुबेहूब नक्कल. पुढे कित्येक फेड आणि झोर्की कॅमेऱ्यांवरची मूळ नावे घासून त्यांवर लायकाचे नाव कोरले गेले आणि ते बाजारात आले. खोटे नाव कोरणारा क्रमांकही मनाला येईल तो घालणार, असा माझा तर्क. अशी खोटी नावे बहुतेक फार उशिरा, यजमानांच्या खरेदीनंतर पुष्कळ वर्षांनी कोरली गेली, हे मला तेव्हा सुचायला हवे होते. सुचले नाही. बाई म्हणाल्या, "तुम्ही म्हणता तर असेल." पंधरवड्याच्या आत त्यांनी तो जवळजवळ मोडीच्या भावात देऊन टाकला.

लायका बनवणारी कंपनी म्हणजे जर्मनीतल्या वेट्झलारची एर्न्स्ट लाइट्झ. मूळचा धंदा सूक्ष्मदर्शकांचा. तिथल्या ऑस्कर बारनाक या तंत्रज्ञाने सिनेमाची ३५ मिलिमीटर फिल्म वापरणारा, खिशात मावेल असा कॅमेरा घडवला आणि १९२५ साली लाइपझिगच्या वसंतातल्या व्यापारी जत्रेत तो लोकांपुढे आला. त्यानंतरची दहा वर्षे नुसती सुधारणांची. १९३०मध्ये भिंग सुटे झाले. पण सुरुवातीला प्रत्येक भिंग ज्या-त्या कॅमेऱ्याला जुळवून दिलेले असे, एकाचे दुसऱ्याला चालेल याची खात्री नसे. १९३१मध्ये भिंगाचे कडे आणि फिल्म यांमधले अंतर २८.८ मिलिमीटर असे पक्के ठरले आणि कोणतेही भिंग कोणत्याही लायकाला बसू लागले. १९३२मध्ये भिंगाशी जोडलेले अंतरमापक, १९३३मध्ये पूर्ण एका सेकंदापर्यंतचे मंद वेग, १९३५मध्ये सेकंदाच्या हजाराव्या भागाचा वेग.

आता ज्याने १९२९ साली पदरमोड करून लायका घेतला, त्याने काय करायचे? तीन वर्षांत त्याचा कॅमेरा जुनाट झाला. आजची कंपनी त्याला नवा घ्यायला सांगेल. लाइट्झने सांगितले, तुमचाच कॅमेरा वेट्झलारला परत पाठवा.

कारखान्यात तो उघडला जाई. जडवलेले भिंग काढून तिथे ठरलेल्या मापाचे कडे बसे. वरचे झाकण जाऊन अंतरमापकाचे नवे झाकण येई. जुनेच भिंग, म्हणजे माक्स बेरेकने रचलेले एल्मार, अंतरमापकाशी जुळणाऱ्या नव्या बैठकीत घालून परत मिळे. मालकाची तयारी असेल त्याप्रमाणे पुढच्या सुधारणाही करून मिळत. आणि एवढे सगळे बदलल्यावर नव्या झाकणावर क्रमांक कोरला जाई तो जुनाच! दुसऱ्या महायुद्धानंतरही जुन्या लायकांना नव्या नमुन्याचे रूप देण्याचे काम कारखान्यात होत राहिले.

माझ्या लहानपणी आमच्या आळीत कल्हईवाला येई. आजीची पितळी पातेली काळवंडून जात आणि चांदीसारखी होऊन परत येत. पण पातेल्यावर ठिपक्याठिपक्यांनी घातलेले पणजोबांचे नाव जागच्या जागी असे. परत आलेले पातेले नवे की जुने, असा प्रश्न घरात कुणाला पडला नाही. लाइट्झचा क्रमांक म्हणजे ते नाव होते. मी मात्र तो क्रमांक जन्मदाखल्यासारखा वाचला.

कॅमेरा कारखान्याकडे परत जाण्याची प्रथा लाइट्झने सुरू केली असे नव्हे. अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमनने १८८८ साली २५ डॉलरला विकलेल्या पहिल्या कोडॅक कॅमेऱ्यात १०० छायाचित्रांची फिल्म भरलेलीच असे. ती संपली की अख्खा कॅमेरा कारखान्याला पाठवायचा. १० डॉलरमध्ये छायाचित्रे आणि नवी फिल्म भरलेला कॅमेरा परत. पण ती सोय होती फिल्मची. कॅमेऱ्यात सुधारणा होऊन तो परत येत नसे.

लाइट्झच्या या कामाविषयी मी प्रथम वाचले तेव्हा मिरजेची वही शोधून काढली. भिंग काढल्यावर आत डोकावून केलेली एक ओळ त्यात होती : 'वरच्या बाजूला लहान चाक, बोटाने फिरते.' अंतरमापकाच्या दांड्याचे हे टोक. अस्सल लायकात तिथे गोल, फिरणारे चाक असते. फेड आणि झोर्कीत त्या जागी पाचरीसारखा भरीव तुकडा. म्हणजे पुरावा माझ्याच अक्षरात माझ्याकडे होता. तो कॅमेरा अस्सल होता; १९२९ साली जन्मलेला आणि पुढे वेट्झलारला जाऊन आलेला.

संग्राहकांच्या बाजारात, कारखान्यात कधीच परत न गेलेला लायका जास्त मोलाचा धरतात. जून २०२२मध्ये वेट्झलारच्या लिलावात बारनाकच्या स्वतःच्या वापरातला, १९२३च्या चाचणी मालिकेतला १०५ क्रमांकाचा कॅमेरा १ कोटी ४४ लाख युरोंना गेला. सुधारून घेतलेल्या कॅमेऱ्याकडे हे लोक नाक मुरडतात. मला ते पटत नाही. ज्याने कॅमेरा परत पाठवला त्याला छायाचित्रे काढायची होती, कपाटात ठेवायचा नव्हता.

लाइट्झच्या गोष्टीत कंपनी आणि मालक एका बाजूला आहेत. जुन्याचे नवे कंपनीने करायचे, हे दोघांना मान्य. कंपनीला ते नको असेल आणि तिसराच कोणी ते करू लागला तर? हा प्रश्न कोर्टात गेला तो सगळ्यात स्वस्त कॅमेऱ्यावरून.

१९८६ साली फुजीने जपानमध्ये फिल्म भरूनच विकला जाणारा, एकदा वापरायचा कॅमेरा आणला. पुढच्या वर्षी कोडॅकही उतरली. फिल्म संपली की कॅमेरा धुलाईच्या दुकानात द्यायचा. दुकानदार फिल्म काढून घेई आणि प्लॅस्टिकचे कवच उरे. ही कवचे गोळा करून चीनसारख्या देशांत पाठवण्याचा धंदा उभा राहिला. पुठ्ठ्याचे वेष्टन काढायचे, कवचाचा सांधा कापून ते उघडायचे, फिल्म गुंडाळणारे चाक बदलायचे, मोजणीचा आकडा पूर्ववत करायचा, फ्लॅश असल्यास बॅटरी नवी घालायची, अंधारात नवी फिल्म भरायची, टेप किंवा डिंकाने कवच चिकटवायचे, नवे वेष्टन चढवायचे. मोजून आठ कामे. असे लक्षावधी कॅमेरे अमेरिकेत स्वस्तात विकले गेले.

फुजीने १९९८ साली अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे पंचवीसहून अधिक व्यापाऱ्यांविरुद्ध तक्रार केली. त्यांत जॅझ फोटो ही कंपनी होती. फुजीचे म्हणणे, हा कॅमेरा एकदाच वापरायला विकला. फिल्म संपताच त्याचे आयुष्य संपले. तुम्ही करता ती दुरुस्ती नव्हे, आमच्या पेटंटवर डल्ला मारून केलेली नवी निर्मिती. आयोगाने फुजीची बाजू उचलून धरली. पण २१ ऑगस्ट २००१ रोजी अपील कोर्टाने निकाल फिरवला. फिल्म आणि बॅटरी या संपणाऱ्याच वस्तू. भिंग, झडप, कवच जागेवर आहे. तेव्हा ही आठ कामे म्हणजे दुरुस्तीच. वेष्टनावर छापलेल्या सूचनेने घेणाऱ्याचा हक्क जात नाही.

याच कायद्याचा धागा १९६१च्या एका खटल्यापर्यंत जातो. त्यात मोटारीचे फाटलेले कापडी छत बदलणे म्हणजे मोटारीच्या छताची पुनर्निर्मिती नव्हे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले होते. आपल्या भाषेत हा फरक सोपा आहे : पातेल्याला कल्हई लावली की मोडीत घालून नवे ओतले?

कोर्टाने एक पाचर मात्र मारून ठेवली. ही सवलत अमेरिकेत प्रथम विकल्या गेलेल्या कॅमेऱ्यांनाच. कवच जपानमध्ये विकलेल्या कॅमेऱ्याचे असेल तर पेटंटभंग. आता लक्षावधी कवचांमधले कुठले कुठे विकले होते हे सिद्ध कोण करणार? जॅझ फोटो २००३ साली दिवाळखोरीत गेली. ही पाचर निघाली ती २०१७ साली, प्रिंटरच्या शाईच्या नळकांड्यांच्या खटल्यात. कंपनीने वस्तू जगात कुठेही विकली की तिच्यावरचा पेटंटहक्क तिथेच संपला, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. जॅझला त्याचा उपयोग नव्हता.

माझी सहानुभूती आधी फुजीकडे होती, हे कबूल करतो. डिंकाने चिकटवलेला कॅमेरा सहलीत बिघडला तर ग्राहक शिव्या कवचावर दिसणाऱ्या नावालाच देणार. पण त्यावर उपाय एवढाच, की कोणी काय बदलले ते वेष्टनावर स्पष्ट छापावे.

मागच्या दिवाळीत न्यू जर्सीतल्या भाच्याचा फोन आला. "मामा, कंपनीच्याच साइटवर रिफर्बिश्ड कॅमेरा मिळतोय, नव्यापेक्षा बराच स्वस्त. घेऊ का?" अमेरिकेत कॅनन, निकॉन अशा कंपन्या स्वतः असा माल विकतात. त्यात खोके उघडून परत केलेले कॅमेरे असतात, प्रदर्शनात हाताळलेले असतात आणि बिघडून परत आल्यावर दुरुस्त केलेलेही असतात. कंपनी ते तपासते, लागेल तो भाग बदलते, साफ करते आणि मर्यादित मुदतीची हमी देते. आपल्या वाट्याला यांतला कुठला आला, हे सहसा सांगत नाहीत. मी त्याला म्हटले, घे. पण हमी किती दिवसांची, परत करायची मुदत किती, चार्जर सोबत आहे का, ते आधी बघ. आल्यावर पहिल्या आठवड्यात भरपूर फोटो काढ, प्रत्येक बटण दाबून बघ, आणि क्रमांक लिहून ठेव.

हमी देणारा कारखानाच असल्यामुळे अशा खरेदीत विश्वास वाटतो आणि तो बव्हंशी योग्य आहे. मला खटकते ते दुसऱ्या बाजूला घडणारे. २०१२ साली निकॉनने अमेरिकेत स्वतंत्र कारागिरांना सुटे भाग देणे बंद केले, आणि मार्च २०२०नंतर अधिकृत दुरुस्ती केंद्रांशी केलेले करारही पुढे चालवले नाहीत. म्हणजे निर्मात्याच्या हातची कल्हई घ्या, नाहीतर पातेले काळेच वापरा. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि डिसेंबरात पोर्टलही सुरू केले. सुटे भाग मात्र कंपनीने दिले तरच मिळणार. आणि कारखानाच बंद पडला तर? पोलरॉइडने २००८ साली झटपट छायाचित्रांची फिल्म बनवणे थांबवले, तेव्हा नेदरलँड्समधल्या एन्स्केडे इथली यंत्रसामग्री बाहेरच्या काही लोकांनी घेतली. फिल्म नव्याने बनवली, जुने एसएक्स-७० कॅमेरे दुरुस्त करून विकले, आणि पुढे पोलरॉइड हे नावही त्यांच्याकडेच आले. कल्हईवालाच तांबट झाला!

वहीतली ती ओळ सापडल्यावर मी मिरजेला गेलो होतो. मनाची तयारी करून गेलो होतो. माझ्या शब्दावर बाईंनी बरीच रक्कम गमावली होती. वही दाखवली, चाकाची गोष्ट सांगितली, वेट्झलारचे सांगितले. त्यांनी पैशांचे काही विचारले नाही. खूप वेळ गप्प राहून म्हणाल्या, "म्हणजे ह्यांना कुणी फसवलं नव्हतं."

"नाही," मी म्हटले.

"मी त्यांच्या फोटोपुढे बोलले होते हो, की तुम्हाला काही कळत नव्हतं म्हणून."