नीरेच्या पाळीपत्रकात पाखरांची ओळ



भोर आणि वेल्हे हा आपला मावळचा मुलूख. राजगड-तोरण्याच्या नावाने साऱ्या महाराष्ट्राला तो ठाऊक आहे. खाली बारामती-इंदापूरच्या आणि पलीकडे फलटण-माळशिरसच्या बागाईतदाराचे मात्र या मुलखाशी आणखी एक नाते आहे. त्याच्या पाटाला जे पाणी येते, ते या डोंगरांत पडलेल्या पावसाचे. हे पाणी कोणाला किती आणि केव्हा, याचा हिशेब गेली सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. त्या हिशेबाच्या वहीत एकेक नाव कसे चढले, आणि एक नाव अजून चढायचे कसे राहिले, ते आज पाहू.

आरंभ दुष्काळातून झाला. १८७६-७७ च्या दुष्काळाने दख्खनचा पूर्वभाग होरपळून निघाला, आणि त्यानंतर नीरेचा डावा कालवा वाहू लागला. त्याला उन्हाळ्यात पाणी पुरावे म्हणून भोरजवळ भाटघर येथे, वेळवंडी नदीवर पहिले दगडी धरण उभे राहिले. तो प्रदेश त्या वेळी पंतसचिवांच्या भोर संस्थानात होता. पुढे त्याच ठिकाणी अधिक उंच धरण झाले व ते १९२८ मध्ये पुरे झाले. मुंबईच्या गव्हर्नरावरून त्याला लॉइड धरण म्हणत. आज त्या जलाशयाला येसाजी कंकांचे नाव आहे, आणि ते योग्यच आहे, कारण येसाजींचे भुतोंडे गाव याच खोऱ्यातले. या जलाशयात सुमारे साडेतेवीस अब्ज घनफूट पाणी मावते. वीर, नीरा-देवघर आणि वेल्ह्याजवळचे गुंजवणी ही धरणे मागाहून आली. चारही मिळून नीरेच्या खोऱ्यात आज सुमारे ४८ अब्ज घनफुटांची साठवण आहे.

आता वहीतली नावे पहा. पहिले नाव ज्वारी-बाजरीचे. दुष्काळात पीक जगवावे, एवढाच कालव्याचा मूळ हेतू. पण उसाला पैसा जास्त, म्हणून वरच्या गावांनी ऊस लावला आणि शेपटाकडची गावे कोरडी राहू लागली. तेव्हा विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्यांनी नीरेवर ब्लॉक पद्धत सुचवली. गावोगावी जमिनीचे गट पाडायचे, गटाच्या एका भागातच ऊस घ्यायचा, आणि बाकीच्या भागात हलकी पिके. पाणी तेवढेच, पण वाटणी नीट झाली म्हणजे पुष्कळांना पुरते, हा त्यातला धडा. पुढे १९३० नंतरच्या दशकात वालचंदनगर, माळीनगर येथे साखर कारखाने आले, आणि उसाचे नाव ठळक अक्षरांत लिहिले गेले. १९७७ मध्ये भाटघरच्या पायथ्याशी वीज होऊ लागली, तिचे नाव चढले. गावे-शहरे वाढली, पिण्याच्या पाण्याचे नाव सर्वांच्या वर गेले. शेतकऱ्याने सात नंबरचा अर्ज भरावा, शेजपाळीत आपला नंबर यावा, पाटकऱ्याने दार उघडावे, अशी ही घडी बसली. ज्याला अर्ज करता येतो त्याचे नाव वहीत आले. पाखराला आणि माशाला अर्ज करता येत नाही, म्हणून त्यांचे नाव राहिले.

कोणी म्हणेल, एवढे मोठे जलाशय झाले, पाखरांना आणखी काय हवे? खरे आहे. धरणांमुळे हिवाळ्यात चक्रवाक, पट्टकादंब असे दूरचे पाहुणे आपल्याकडे उतरतात. पण पाणी किती आहे एवढ्याने भागत नाही. ते केव्हा चढते, केव्हा उतरते आणि किती वेगाने, यावर जिवांचे जगणे ठरते.

टिटवीचे उदाहरण घ्या. टिटवीने उंचावर अंडी घातली की पाऊस भरपूर पडणार, असे जुनी माणसे सांगत. नदीसुरय हा पांढराकरडा, पिवळ्या चोचीचा पक्षी तर मार्च ते मे या काळात नदीतल्या वाळूवर किंवा जलाशयातल्या उघड्या बेटांवरच अंडी घालतो. निसर्गतः त्या दिवसांत नदी संथपणे उतरत असते. पण भाटघरचे पाणी कालव्यातून निघत नाही, हे ध्यानात घ्या. ते आधी नदीच्या पात्रातून वीरला जाते आणि मग तेथून दोन्ही कालव्यांत वळते. उन्हाळी आवर्तन सुटले की एप्रिलच्या भर उन्हात कोरडे पात्र एकाएकी भरते, आणि वाळूवरचे घरटे वाहून जाते. वर जलाशयात नेमके उलटे घडते. पाणी झपाट्याने उतरते, बेट काठाला जोडले जाते, आणि रात्रीतून कुत्री नाही तर कोल्हे अंड्यांपर्यंत पोचतात. पंचतंत्रातल्या टिटवीची अंडी समुद्राने नेली, तेव्हा तिला दाद मागायला गरुड तरी होता!

माशांचीही तीच कथा. १८३९ मध्ये कर्नल साइक्सने पुण्याच्या नद्यांतल्या महसीर माशाचे वर्णन केले, आणि त्याचे शास्त्रीय नाव ‘खुद्री’ असे ठेवले. हा मासा वाहत्या पाण्यात, गोट्यांच्या तळावर अंडी घालतो. मुठेला मिळणाऱ्या आंबी आणि मोसी या वेल्ह्याच्या नद्या. त्यांवर पानशेत आणि वरसगावची धरणे झाली आणि नदीची वाट तुटली. जेथे भिंत आहे तेथे मासा वर चढणार नाही. पण मे महिन्यात तळाशी उरलेला डोह पंपांनी पार उपसला नाही, तर पुढच्या पावसाला बीज तरी शिल्लक राहते.

तिसरी गोष्ट गाळपेराची. पाणी उतरले की उघडी पडणारी गाळाची जमीन पेरायला दिली जाते. ज्यांची शेते आणि घरे पाण्याखाली गेली, त्या कुटुंबांचा तिच्यावर पहिला हक्क, आणि तो न्यायाचा आहे. धरण झाले डोंगरात आणि मळे फुलले मैदानात. तेव्हा पाखरांच्या नावाने पुन्हा त्याच मावळ्याला काठावरून उठवायचे, हे बरे नव्हे. जे रक्षण गावाच्या पोटावर येते, ते गावात टिकतही नाही.

मग मार्ग आहे का? आहे. नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर नांदूर-मधमेश्वर नावाचा पाटबंधाऱ्याचा बांध आहे. तोही कालव्यांसाठीच बांधलेला. त्यामागे गाळ साचला, पाणवनस्पती वाढल्या आणि पाखरांचे माहेरघर झाले. १९८६ मध्ये तेथे अभयारण्य झाले, आणि २०२० मध्ये रामसर करारान्वये जागतिक महत्त्वाची पाणथळ म्हणून मान मिळालेली ती महाराष्ट्रातली पहिली जागा ठरली. कालवे अजून वाहतातच. तेथे पाण्याची पातळी कालव्यांसाठी बरीचशी एकसारखी राखावी लागते, हे पाखरांच्या पथ्यावर पडले. भाटघर हे साठवणीचे धरण, ते भरायचे आणि रिकामे व्हायचेच. पण त्याची चाल थोडी सावकाश करता येते.

एक मर्यादा मात्र आधी सांगितली पाहिजे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि पुण्यात हाहाकार झाला. पावसाळ्यात धरणाच्या रक्षणापुढे दुसरा कोणताही हक्क सांगता येणार नाही. पूर येत असता पाखरांसाठी पाणी अडवा, असे कोणी म्हणू नये. आपले बोलणे आहे ते मार्च ते मे या तीन महिन्यांपुरते.

त्या तीन महिन्यांत पाळीपत्रकात एक ओळ घालावी. आवर्तन सोडताना दारे एकदम न उघडता टप्प्याटप्प्याने उघडावीत. तेवढेच पाणी तेवढ्याच शेतांना मिळेल, आणि पात्रात गुरे पाजणारा किंवा धुणे धुणारीसुद्धा सावध होईल. ज्या दोन-चार बेटांवर घरटी असतील, तेथे अंडी फुटेपर्यंत गुरे आणि ट्रॅक्टर नेऊ नयेत, आणि गाळपेर करणाऱ्यांच्या संमतीने पाण्यालगतची एक पट्टी मोकळी ठेवावी. तळाचा शेवटचा डोह माशांसाठी राखावा. २०१२ च्या राष्ट्रीय जलनीतीतही नदीच्या प्रवाहाचा काही भाग निसर्गाच्या गरजेसाठी बाजूला ठेवण्याचे तत्त्व आलेले आहे.

यात शिक्षक बंधुभगिनींचे काम मोठे आहे. धरणाची पातळी रोज मोजली जाते. शाळेने शेजारी दुसरा रकाना आखावा आणि कोणत्या तारखेला कोणत्या बेटावर किती घरटी दिसली, पिले केव्हा उडाली, ते मुलांकडून लिहवून घ्यावे. घरट्याजवळ न जाता, काठावरूनच बरं का! तीन-चार वर्षांची अशी वही गावकऱ्यांनी पाटबंधारे खात्यापुढे ठेवली, तर ती पाखरांच्या वतीने भरलेला सात नंबरचा अर्जच होईल. नीरेच्या वहीत आजवर जी जी नावे चढली, ती कोणीतरी मागणी मांडली म्हणूनच चढली.