गाव सोडून न जाणारी नर्स

लहानपणी आजोळी गेलो की उपकेंद्राच्या दाराला कुलूप दिसायचं. ‘नर्सबाईंची बदली झाली, नवीन यायच्यात,’ असं आजी सांगायची. पुढच्या सुट्टीतही तेच. माणूस मिळत नाही आणि मिळालं तर टिकत नाही. मला वाटायचं, हे दुखणं आमच्याच गावाचं. जामखेडबद्दल वाचलं तेव्हा कळलं, हे फार जुनं आहे.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात एकत्र शिकलेलं जोडपं. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन ते परतले आणि १९७० मध्ये जामखेडला प्रकल्प सुरू केला. तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा. कायम दुष्काळी मुलूख.

सुरुवात त्यांनीही सगळे करतात तशीच केली. शिकलेल्या नर्स गावात राहायला पाठवायच्या. ते काही जमलं नाही. आणि दोष त्या मुलींचा नव्हता हो! परक्या गावात एकटी तरुण बाई, रात्री दार वाजलं तर उघडायचं की नाही इथपासून प्रश्न. शिवाय बाहेरून आलेल्या पोरीचं ऐकून कुठली सासू सुनेचं खाणंपिणं बदलणार?

मग गावातल्याच बाईला शिकवायचं ठरलं. निवड गावानं करायची. आल्या त्यातल्या बऱ्याच जणी निरक्षर, काही दलित, काही नवऱ्यानं टाकलेल्या. दर आठवड्याला त्या जामखेडला यायच्या, एकत्र जेवायच्या, एकत्र झोपायच्या. जातीची शिवाशिव तिथेच सैल होत गेली. शिकायचं काय? सुखरूप बाळंतपण, लसीकरण, हगवण लागलेल्या पोराला मीठ-साखरेचं पाणी, कुष्ठरोग आणि क्षय ओळखणं. परत जाऊन गावात तेच सांगायचं आणि अडलं की पुढच्या आठवड्यात विचारायचं. मला यातली ही आठवड्याची फेरी सगळ्यात महत्त्वाची वाटते. एकदा प्रशिक्षण देऊन सोडून दिलं असतं, तर त्या वर्षभरात गप्प बसल्या असत्या. इथे पाठीशी दवाखाना होता, डॉक्टर होते, मैत्रिणी होत्या.

१९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आता जरा खटकणारा भाग. ही पगारी नोकरी नव्हती; पोटापाण्यासाठी शेळ्या, बांगड्यांचा धंदा असं काहीबाही उभं करायला प्रकल्प मदत करायचा. छोट्या प्रकल्पात हे निभावलं. पण २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि साधारण हजार वस्तीमागे एक ‘आशा’ नेमायचं ठरलं. गावातलीच बाई, कल्पना तीच. नाव मात्र ‘स्वयंसेविका’, आणि पैसे कामागणिक. मोठ्या यंत्रणेनं जामखेडचा स्वस्तपणा तेवढा पटकन उचलला, असं माझं मत. ती आठवड्याची फेरी, ती सोबत मागेच राहिली.

कोविडमध्ये याच बायका घरोघर फिरल्या. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांचा गौरव केला. आणि २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातल्या आशा मानधनवाढीचा सरकारी आदेश काढा म्हणून मुंबईत आझाद मैदानावर ठाण मांडून बसल्या होत्या.