महाराष्ट्राचा संघ आणि त्याची वाट पाहणारे

श्रोतेहो, व्याख्यानमालेत इतिहासाचा विषय म्हटला म्हणजे लढाया, तह, संत किंवा राज्यकर्ते यांपैकी काहीतरी ऐकावयास मिळेल अशी आपली अपेक्षा असते, आणि ती वाजवी आहे. मी शाळेत फार शिकलेला मनुष्य नव्हे. आयुष्य कामगार संघटनेच्या कामात गेले आणि जे काही वाचन झाले ते एस.टी.च्या प्रवासात व कचेरीतल्या बाकावर झाले. तेव्हा ज्या इतिहासात मला थोडी गती आहे तोच मी आज मांडणार आहे. तो एका हरणाऱ्या क्रिकेट संघाचा इतिहास आहे, आणि त्या संघाला न सोडणाऱ्या माणसांचाही आहे.

रणजी करंडकाची स्पर्धा १९३४-३५ साली सुरू झाली. त्या पहिल्या वर्षापासून तीत ‘महाराष्ट्र’ नावाचा एक संघ खेळत आला आहे. ही गोष्ट क्षणभर ध्यानात घ्या. महाराष्ट्र नावाचे राज्य १ मे १९६० रोजी झाले. म्हणजे राज्याच्या आधी पंचवीस वर्षे संघ होता. आज या एकाच राज्यातून तीन संघ उतरतात : मुंबई, विदर्भ आणि उरलेला महाराष्ट्र. या उरलेल्यात पुणे, कोल्हापूर, सांगली, नाशिक, सोलापूर आले, आणि आपला मराठवाडाही आला.

आपल्या मुरुमची स्थिती तर आणखी गमतीची. आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १९३७-३८ साली हैदराबादच्या संघाने नवानगरला अवघा एक गडी राखून हरविले आणि करंडक जिंकला. सरकारी हिशेबाने तो विजय आपल्याही खात्यात पडला असता. पण त्या काळी या भागातल्या शेतकऱ्याला करंडकाशी काय कर्तव्य होते? पुढे सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली, १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि चार वर्षांनी महाराष्ट्रात. राज्य बदलले तसा आपला संघही बदलला. नव्या संघाचे वैभवाचे दिवस मात्र त्यापूर्वीच येऊन गेलेले होते.

ते दिवस प्रा. दि. ब. देवधर यांचे. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकविणारा हा प्राध्यापक महाराष्ट्राचा कर्णधार होता. १९३९-४० साली पुण्यात संयुक्त प्रांताला दहा गडी राखून हरवून महाराष्ट्राने पहिल्यांदा करंडक जिंकला. त्याच मोसमात सांगलीच्या विजय हजाऱ्यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा काढल्या. रणजी स्पर्धेतले ते पहिले त्रिशतक. दुसऱ्या वर्षी मद्रासला त्यांच्याच मैदानावर सहा गडी राखून हरविले आणि करंडक राखला. त्या मोसमात मुंबईविरुद्ध देवधरांनी २४६ धावा केल्या तेव्हा त्यांचे वय ४८ होते. ते १९९३ साली, वयाच्या १०१ व्या वर्षी वारले. १९४१ नंतर आपल्या संघाने करंडक पुन्हा उचललेला त्यांना कधीच दिसला नाही. तो आपल्यालाही दिसलेला नाही.

नंतरचा इतिहास विक्रमांचा आहे, विजयांचा नाही. डिसेंबर १९४८ मध्ये, हैदराबादची पोलीस कारवाई होऊन तीन महिने झाले असताना, पुण्यात कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर काठेवाडविरुद्ध ४४३ धावांवर नाबाद होते. ब्रॅडमनचा ४५२ धावांचा जागतिक विक्रम गाठावयास नऊ धावा हव्या होत्या. महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा झाल्या होत्या. पाहुण्या संघाने पुढे खेळावयास नकार दिला, सामना सोडून दिला आणि ते निघून गेले. निंबाळकरांना भारतातर्फे एकही अधिकृत कसोटी सामना खेळावयास मिळाला नाही.

त्याच मोसमात, मार्च १९४९ मध्ये, पुण्यात मुंबईशी उपांत्य सामना झाला. मुंबईने ६५१ आणि ८ बाद ७१४ धावा केल्या. महाराष्ट्राचा पहिला डाव ४०७ वर आटोपला, आणि दुसऱ्या डावात जिंकण्यासाठी ९५९ धावा हव्या होत्या. शहाण्या माणसाने अशा वेळी सामान बांधावयास घ्यावे. आपल्या संघाने ६०४ धावा काढल्या आणि ३५४ धावांनी सामना गमावला. एका सामन्यात २३७६ धावा हा जागतिक विक्रम झाला. त्या विक्रमात अर्धा वाटा हरणाऱ्याचाही आहे, हे विसरू नये.

पुढे १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वर्षे मुंबईनेच करंडक जिंकला. मुंबईशेजारी राहणाऱ्या संघाची त्या काळात काय कथा असेल, ते सांगावयास नको. १९७०-७१ साली एक संधी आली. वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर ही मुंबईची मोठी मंडळी वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होती. अंतिम सामन्यात चंदू बोर्डे यांचा महाराष्ट्र आणि सुधीर नाईक यांची उरलीसुरली मुंबई समोरासमोर आली. मुंबई ४८ धावांनी जिंकली. त्यानंतर १९९२-९३ चा अंतिम सामना लुधियानात पंजाबने जिंकला.

२०१३-१४ साली आपला संघ तिसऱ्या गटात, म्हणजे अगदी खालच्या पायरीवर होता. तेथून तो वर आला. उपांत्यपूर्व सामन्यात वानखेडे मैदानावर, गतविजेत्या मुंबईला त्याने आठ गडी राखून हरविले. विजय मिळविताना खेळपट्टीवर केदार जाधव होता आणि त्याच्या जोडीला जालन्याचा विजय झोल. पुढे बंगालला हरविले, आणि अंतिम सामना हैदराबादेत कर्नाटकाने सात गडी राखून जिंकला. २०१६ साली त्याच वानखेडेवर दिल्लीविरुद्ध स्वप्नील गुगळे आणि पैठणचा अंकित बावणे यांनी ५९४ धावांची अभंग भागी केली. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये तिच्यापेक्षा मोठी एकच भागी तोवर झाली होती. सामना मात्र अनिर्णित राहिला.

एवढी गुणी माणसे असताना करंडक का नाही, असा प्रश्न आपण विचाराल. याचे एक कारण मला माझ्या धंद्यातून समजते. खेळाडूलाही पोट असते. हजारे बडोद्याला गेले. निंबाळकर बडोदे, होळकर, राजस्थान, रेल्वे अशा अनेक संघांकडून खेळले. बीडचा संजय बांगर नावारूपाला आला तो रेल्वेच्या संघातून, आणि त्या संघाने २००१-०२ व २००४-०५ साली करंडक जिंकला. पूर्वी संस्थानिक आश्रय देत. पुढे कापड गिरण्या, बँका, रेल्वे यांनी नोकऱ्या दिल्या. जेथे नोकरी तेथे खेळाडू. चांगल्या पगारासाठी गाव सोडणाऱ्याला मी आयुष्यात कधी नावे ठेवली नाहीत, आणि यांनाही ठेवणार नाही. भाकरी सुटली की माणूस सुटतो.

खेळाडू जातो, पण पाठीराखा कोठे जाणार? त्याला कोणी पगार देत नाही, म्हणून त्याला कोणी पळवूनही नेत नाही. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात छापलेले धावफलक तो वाचतो. आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांसारख्यांनी मराठीतून धावते वर्णन सुरू केले तेव्हा हा खेळ इंग्रजी न येणाऱ्या घरांतही पोचला. मुरुम सोलापूर आणि कलबुर्गी यांच्यामध्ये, पुण्यापासून फार दूर. येथल्या बहुतेकांनी या संघाला प्रत्यक्ष खेळताना पाहिलेलेच नाही. तरी ‘आपले किती झाले?’ असा प्रश्न येथे विचारला जातो. त्यातला ‘आपले’ हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो.

संघटनेत मी हेच पाहिले आहे. मागणी मान्य झाली की सभेला मंडप पुरत नाही. हार झाली की पुढच्या महिन्याच्या बैठकीला सातआठ जण येतात. १९८२ साली मुंबईच्या अडीच लाख गिरणी कामगारांनी संप केला. तो हरला आणि हजारो घरांची चूल विझली. अशा हारीनंतरही वर्गणीची पावती फाडून घेणारा जो माणूस असतो, त्याच्यामुळे संघटना उरते. तो भोळा नसतो. हिशेब त्याला पाठ असतो. किती वेळा हरलो हे तो विजयी वीरापेक्षा नेमके सांगतो.

पण येथे एक सावधगिरी हवी. निष्ठा म्हणजे मुकाट्याने सोसणे नव्हे. दरवर्षी ‘यंदा नाही तर पुढल्या वर्षी’ म्हणून स्वस्थ बसणारा पाठीराखा चालकांच्या फार सोयीचा असतो. जो टिकून राहिला त्यालाच जाब विचारण्याचा खरा अधिकार आहे, आणि तो त्याने बजावला पाहिजे. संघाचे नाव महाराष्ट्र आहे, तर तालुक्याच्या गावाला मैदान का नाही? मुलाची निवड चाचणी दोन दिवसांच्या प्रवासाशिवाय का होत नाही? उन्हाळ्यात मैदानावर पाणी मारणाऱ्याची आणि रोलर ओढणाऱ्याची मजुरी किती आहे?

हे प्रश्न हवेतले नाहीत. विदर्भाचा संघ साठ वर्षे मागे राहिला आणि मग २०१७-१८, २०१८-१९ व २०२४-२५ असा तीनदा विजेता झाला. जे नागपुरास घडले ते इतरत्र घडणार नाही असे नाही. जानेवारी २०२४ मध्ये सोलापूरच्या पार्क मैदानावर महाराष्ट्राचा रणजी सामना झाला तेव्हा आपल्या बाजूच्या मुलांना आपला संघ जवळून पाहता आला. आपल्याच जिल्ह्यातील तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर २०२२ साली १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता आणि महाराष्ट्राकडून खेळला. तुळजापुरात जे पिकते ते मुरुमला पिकणार नाही काय? जमीन एकच आहे. पाणी कोठवर पोचते एवढाच फरक.

म्हणून मी हा इतिहास सांगितला. दोन विजय आणि त्यानंतरची आठ दशके अशी ही जमाखर्चाची वही आहे. ती कोणी फाडून टाकली नाही, कारण ती ‘आपली’ आहे. उद्या करंडक आलाच तर जल्लोष करावयास पुष्कळ लोक येतील. तोवर गावातली जी पोरे गायरानावर दगडांच्या यष्ट्या मांडून खेळत आहेत, त्यांच्यासाठी एक सपाट मैदान नगरपरिषदेकडे मागण्याचे काम आपल्याला आजच करता येण्यासारखे आहे. त्या अर्जावर पहिली सही माझी राहील. बाकीच्या सह्या आपण कराव्या, एवढी विनंती करतो.