यीस्टमधील प्रतिलेखन-नियमन

कोणत्या जनुकाची आरएनए-प्रत केव्हा व किती काढायची, हे ठरवणारी पेशीतील यंत्रणा. सॅकरोमायसीस सेरेव्हिसी या यीस्टमध्ये ती फार बारकाईने उलगडली गेली आहे. याच्या १६ गुणसूत्रांवर सुमारे ६,००० जनुके असून त्यांचा संपूर्ण क्रम १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला.

ही यंत्रणा कामात दिसते ती मोहाच्या सडव्यात. गडचिरोली जिल्ह्यातील भामरागडच्या जंगलात उन्हाळ्याच्या तोंडाशी मोह फुलतो. वाळवलेली फुले पाण्यात घातली की यीस्ट ती आंबवते आणि काही दिवसांत दारू गाळण्याचा सडवा तयार होतो. तिथल्या माडिया आदिवासी समाजात मोहाची दारू देवकार्यालाही लागते. जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी असल्याने सडवा बाहेरच्यांना भेटतो तो बहुधा पोलीस कारवाईच्या बातम्यांत. मोहफुलांत ग्लुकोज, फ्रुक्टोज व सुक्रोज या तिन्ही शर्करा असतात, पण यीस्टचा ओढा आधी ग्लुकोजकडे.

ग्लुकोज मुबलक असताना मिग१ हे प्रथिन एसयूसी२ जनुकाच्या प्रारंभकावर बसते आणि टप१-सिक८ या प्रथिनसंकुलाच्या साहाय्याने प्रतिलेखन दाबून धरते. सुक्रोज फोडणारे इन्व्हर्टेज हे विकर याच जनुकापासून बनते. ग्लुकोज उतरले की एसएनएफ१ हे विकर मिग१ वर फॉस्फेट चढवते, मिग१ केंद्रकाबाहेर जाते आणि जनुक मोकळे होते. श्वसनाची अनेक जनुकेही ग्लुकोजमुळे दबतात. हवा असूनही यीस्ट मद्यार्क बनवते, त्यामागचे हे एक कारण.

ग्लुकोज संपल्यावर एडीआर१ हे प्रथिन एडीएच२ जनुक चालू करते आणि प्राणवायू मिळाल्यास यीस्ट स्वतःच बनवलेल्या मद्यार्कावर जगू लागते. (सडवा आंबट होतो तो मात्र मुख्यतः जीवाणूंमुळे.) डेरिसी, अय्यर व ब्राउन या संशोधकांनी १९९७ मध्ये हे संक्रमण एकाच वेळी जवळजवळ सर्व जनुकांवर मोजले, तेव्हा सुमारे १,७०० जनुकांची पातळी किमान दुपटीने वाढली वा घटली होती.

प्रतिलेखन-नियमनाचे पाठ्यपुस्तकांतले लाडके उदाहरण गॅलॅक्टोज या शर्करेचे आहे, सडव्याशी त्याचा संबंध नाही. गॅल४ हे प्रथिन डीएनएवर बसलेले असते, पण गॅल८० त्याला दाबून ठेवते. गॅलॅक्टोज मिळताच गॅल३ हे गॅल८० ला अडकवते आणि गॅलॅक्टोज वापरण्यासाठी लागणारी, एरवी जवळजवळ मुकी असणारी जनुके सुमारे हजारपट बोलू लागतात. या यंत्रणेवर मुंबईच्या आयआयटीत पैके जयदेव भट यांनी दीर्घकाळ संशोधन केले. त्यावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ २००८ चा आहे.