मातेचे आरोग्य आणि संततिनियमनाची शंभर वर्षे

आपल्याकडील एखाद्या जुन्या घराण्याचा कुलवृत्तांत उघडावा, म्हणजे ‘अपत्ये नऊ, पैकी पाच अल्पवयात निवर्तली’ अशा धर्तीच्या नोंदी आढळतात. पुढे पुष्कळदा द्वितीय विवाहाचा उल्लेख येतो. प्रथम पत्नी कशाने गेली, हे मात्र क्वचितच लिहिलेले असते. लागोपाठच्या बाळंतपणांनी अंगातील रक्त आटते, अशक्त मातेचे मूल कमी वजनाचे जन्मते आणि पाठचे भावंड आले की थोरल्याचे दूध तुटते. त्या न लिहिलेल्या ओळीचे कारण कित्येकदा हेच असे.

ह्या दुःखावर उपाय आहे, हे उघडपणे सांगण्याचे धैर्य महाराष्ट्रात रघुनाथ धोंडो कर्वे यांनी दाखविले. १९२१ साली, म्हणजे लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी आपले केंद्र काढले त्याच वर्षी, त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. ह्या कार्यापायी त्यांना गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. तरी १९२७ पासून १९५३ मध्ये देहावसान होईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला हरला, परंतु प्रश्न मिटला नाही. १९३८ च्या नोव्हेंबरात आंबेडकरांच्या पक्षातर्फे मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला. प्रसूतीच्या वेदना पुरुषांच्या वाट्यास आल्या असत्या, तर एकाहून अधिक अपत्यास कोणीही तयार झाला नसता, अशा आशयाचे विधान त्या प्रसंगीच्या भाषणात होते. ठराव फेटाळला गेला. पुढे १९५२ साली भारत सरकारने हाच विचार राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून स्वीकारला.

परंतु मातेच्या प्रकृतीसाठी निघालेली ही चळवळ पुढे आकड्यांच्या मागे लागली. आणीबाणीत, १९७६–७७ ह्या एका वर्षात, देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांत बहुसंख्य पुरुष होते आणि अनेकांवर सक्ती झाली. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळानेही संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. त्या जुलमाने पुरुषांच्या मनात जी धास्ती बसली, तिचा भार पुन्हा स्त्रियांवरच आला. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात शंभर जोडप्यांमागे सुमारे अडतीस ठिकाणी स्त्रीची शस्त्रक्रिया झालेली आहे. पुरुषाची मात्र हजारांमागे अवघ्या तीन ठिकाणी. वास्तविक पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी व कमी धोक्याची असते.

आज आपली कुटुंबे लहान झाली, मुले जगतात, शिकतात, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि, जे निर्णय एकेकाळी सासू वा नवरा घेई, ते आज तरी सून स्वतः घेते काय? प्रसूतीनंतर पुन्हा गर्भधारणा होण्यापूर्वी निदान दोन वर्षांचे अंतर असावे, असे वैद्यकशास्त्र सांगते. हे अंतर राखणे एकट्या स्त्रीच्या हातचे नाही. मुलीच्या जन्मानंतर मुलग्याच्या आशेने ते अंतर मोडणारी घरे आजही असतील, तर आपली प्रगती अपुरी म्हटली पाहिजे.

पूर्वी समाजाने स्त्रीला विचारले नाही. नंतर सरकारने तिला वा तिच्या पतीला विचारले नाही. ह्या शतकाचा धडा एवढाच, की तिला विचारावे आणि तिचा भार वाटून घ्यावा. पुढील पिढीच्या कुलवृत्तांतात कोणत्याही मातेची ओळ कोरी राहू नये, हीच ज्ञातिबांधवांस नम्र विनंती.